उजव्या छातीवरचा खिसा

मी अतिवास्तववादाचा अभ्यासक म्हणून ओळखला जातो, आणि या पंथाचं एकही मूळ चित्र मी आयुष्यात पाहिलेलं नाही. हे वाक्य मी आजवर कुठं लिहिलं नव्हतं. उलट व्याख्यानात 'या चित्रासमोर उभं राहिलं की' अशी सुरुवात करायची मला सवय होती. मी उभा राहिलो होतो तो पुस्तकासमोर, आणि तेही दुसऱ्या गावाहून पंधरा दिवसांसाठी मागवलेल्या.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात काही चित्रकारांनी ठरवलं की जागेपणी दिसतं तेवढंच खरं नाही, स्वप्नात दिसतं तेही तितकंच खरं आहे. म्हणून त्यांनी जमिनीवर न टेकणारी घरं काढली, सावल्या नसलेली माणसं काढली, माणसं नसलेल्या सावल्या काढल्या. साठच्या दशकात, मी पंचविशीत असताना, सीताबर्डीच्या फुटपाथवर जुन्या मासिकांच्या ढिगात मला अशा एका चित्राचं फाटकं पान मिळालं. त्या पानानं माझं आयुष्य ठरवलं असं म्हणायला मला आवडायचं. आता वाटतं, नागपुरात दुसऱ्या कुणाला या विषयातलं काही कळत नव्हतं, म्हणून मी तो धरला. जिथं तपासणारं कुणी नाही तिथं विद्वान होणं सोपं असतं.

आमच्या विद्यापीठात कलेतिहासाचा वेगळा विभाग नव्हता. मी प्राचीन इतिहासात एम.ए. केलं आणि त्याच विभागात पीएच.डी.साठी नाव घातलं. माझे मार्गदर्शक ताम्रपटांचे जाणकार होते. स्वभावानं सरळ माणूस. माझा विषय ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तुमच्या या चित्रांचा काळ ठरवायची भानगड नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. चित्रकारांनी तारखा घातलेल्या आहेत."

"मग बरंय. आमच्या राजांना एवढी अक्कल नव्हती."

चार वर्षांत त्यांनी माझ्या प्रबंधात शुद्धलेखनाखेरीज काही सुधारलं नाही. एकदा मात्र त्यांच्या टेबलावर एका ताम्रपटाच्या मुद्रेची लाखेतली छाप पडली होती, ती माझ्या हातात देत ते म्हणाले, "अशी वस्तू हातात आली की पहिल्यांदा विचारावं, ही मूळ आहे की छाप? छापेत डाव्याचं उजवं होतं. आमच्यातले निम्मे लोक तिथंच फसतात." मी मान हलवली. मनात म्हटलं, हे तांब्याच्या पत्र्यांचं शास्त्र, माझ्या काय कामाचं.

माझ्या विषयावरचं एकच चांगलं पुस्तक देशात होतं, ते मुंबईच्या एका ग्रंथालयात. तीन प्रतींत अर्ज केला. एक प्रत हरवली, पुन्हा केला. आठ महिन्यांनी पुस्तक आलं, कापडात बांधून, आणि पंधरा दिवसांत परत करायच्या अटीवर. ते आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातच बसून वाचायचं होतं. मी सकाळी दार उघडायच्या आधी जाऊन पायरीवर बसायचो. प्रत्येक चित्राची टिपणं काढली. शेवटच्या दिवशी सीताबर्डीच्या एका स्टुडिओवाल्याला विनवून आणलं. व्हरांड्यात उन्हात पुस्तक धरून त्यानं चित्रांचे फोटो घेतले. पुस्तक गेल्यावर वीस दिवसांनी फिल्म धुऊन आली.

ती फिल्म कापून, दोन काचांमध्ये बसवून, कडेनं काळी पट्टी चिकटवून स्लाइड तयार करावी लागे. मी पैसे वाचवायला ते काम घरी केलं. स्लाइडच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात लाल ठिपका द्यायचा, म्हणजे प्रोजेक्टरमध्ये घालताना कुठली बाजू कुठं ते कळतं. फिल्मची एक बाजू चकचकीत असते आणि एक मंद. त्यावरून सुलटं-उलटं ओळखतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही. ठिपके देऊन मोकळा झालो.

त्यांतलं एक चित्र माझ्या प्रबंधाचा कणा झालं. उजाड चौक, त्यात एक लांब कोट घातलेला माणूस, चेहऱ्याच्या जागी ढग, आणि एका कडेला अर्धवट उघडं दार. स्लाइडमध्ये ते दार डावीकडे होतं. कोटाचा वरचा खिसा, ज्यातून रुमालाचं टोक डोकावत होतं, तो माणसाच्या उजव्या छातीवर होता. मी लिहिलं की चित्रकारानं हृदयाची बाजू हेतुपुरस्सर बदलली आहे. दार डावीकडे आहे, म्हणजे नेणिवेकडे आहे. आपल्याकडच्या 'वाम' या कल्पनेशी मी त्याची सांगड घातली. खिशावर तीन पानं लिहिली. ती पानं लिहिताना मला जो आनंद झाला तो पुढं कधी झाला नाही.

आता पहिली कबुली. माझ्या टिपणवहीत, पुस्तक समोर असताना स्वतःच्या हातानं लिहिलेलं होतं: 'दार उजवीकडे.' प्रबंध लिहिताना ते माझ्या नजरेला आलं. मी स्लाइड पुन्हा पडद्यावर पाहिली. दार डावीकडे. घाईत चुकलो असेन, असं म्हणून मी वहीतला 'उजवीकडे' खोडून वर 'डावीकडे' लिहिलं. माझ्या डोळ्यांपेक्षा मी माझ्या यंत्रावर जास्त विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर तोपर्यंत खिशावरची दोन पानं लिहून झाली होती, आणि ती मला सोडवेनात.

प्रबंध मान्य झाला. बाहेरच्या परीक्षकांनी 'वाम' प्रकरणाचं खास कौतुक केलं. मी शहरातल्या महाविद्यालयात अधिव्याख्याता झालो. पदव्युत्तर वर्गात कलेचा एक पेपर सुरू झाला होता, तो माझ्याकडं आला. खिडक्यांना काळे पडदे लावून मी स्लाइड दाखवायचो. एप्रिलमध्ये त्या बंद खोलीत कूलरच्या वाळ्याचा वास आणि प्रोजेक्टरच्या दिव्याची जळकी धग. सहकारी मला 'स्वप्नवाले' म्हणायचे. "काय स्वप्नवाले, आज जागे की काय?" एवढाच त्यांचा माझ्या विषयाशी संबंध. मला ते झोंबायचं, आणि त्याच वेळी सोयीचंही वाटायचं.

पाच-सहा वर्षांनी माझ्या वर्गात कामठीची एक मुलगी आली. रोज बसनं यायची. तिचे वडील तिथल्या लष्करी छावणीतल्या अधिकाऱ्यांचे कोट शिवायचे. पहिल्याच आठवड्यात ती मला म्हणाली होती, "मले यातच पुढं रिसर्च करायचं आहे सर. शाळेत मास्तरीण नाही व्हायचं." इतकं सरळ सांगणारा विद्यार्थी मला त्याआधी भेटला नव्हता. मी तिला पुस्तकं देऊ लागलो. ती वाचून, कव्हर घालून परत आणायची.

पावसाळ्यातल्या एका तासाला मी ते चित्र पडद्यावर लावलं. दार, डावी बाजू, नेणीव, खिसा, सगळं नेहमीच्या क्रमानं सांगून झालं. ती उभी राहिली.

"सर, एक विचारू?"

"विचार."

"ह्या माणसानं बायकोचा कोट घातला का?"

वर्ग हसला. मागून एक मुलगा म्हणाला, "कामठीत बाया असे कोट घालून राहिल्या का वं?"

ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, "पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर राहते सर, उजवी तिच्याखाली. ह्याची उजवी वर आहे. खिसापण चुकीच्या बाजूला. आमच्या बाबांनी असा कोट शिवला तर साहेब लोक समोर उभं करून झापतील त्यांना."

मी क्षणभर पडद्याकडं पाहिलं. तिचं म्हणणं डोळ्यांना दिसत होतं. पण अतिवास्तववादात एक सोय असते, तिथं कुठलीही चूक हेतू म्हणून खपते. मी म्हणालो, "हा कोट शिंप्यानं शिवलेला नाही. चित्रकारानं शिवलेला आहे."

वर्गानं बाकं वाजवली. मला ती वाहवा गोड लागली. ती खाली बसली, आणि तास संपेपर्यंत पडद्याकडंच बघत राहिली.

त्या वर्षी शेवटच्या परीक्षेसाठी विद्यार्थ्यांना एक लघुप्रबंध लिहावा लागे. तिनं विषय निवडला, या चित्रांतले कपडे. मी मार्गदर्शक, आणि मीच परीक्षक, कारण दुसरं कुणी नव्हतं. त्या लघुप्रबंधात चांगले गुण मिळाले तरच तिला संशोधनासाठी लागणारी श्रेणी मिळणार होती. बाकीचे पेपर ती मराठीतून लिहायची, आणि आमच्याकडं मराठीतून लिहिणाऱ्याला तेव्हा हात राखूनच गुण देत. हे तिला माहीत होतं आणि मलाही.

त्याच हिवाळ्यात विद्यापीठात प्रपाठकपदाची, म्हणजे माझ्या वरच्या पदाची, जाहिरात आली. मुलाखतीला कोट हवा होता. माझा लग्नातला कोट पोटावर बसेना. तिनंच सुचवलं, "बाबांकडं या ना सर. त्यांच्या हाताचा कोट घालून लोक दिल्लीले परेडला जातात."

मी एका रविवारी कामठीला गेलो. छावणीच्या रस्त्याला लागून दुकान. भिंतीवर खडूच्या खुणा केलेले अर्धवट कोट टांगलेले, आणि समोर माणसाच्या उंचीचा आरसा. तिचे वडील टेप गळ्यात टाकून पुढं आले.

"सर, हात खाली सोडा. सावधान नाही, विश्राम."

मी सैल उभा राहिलो.

"आमच्याकडं येणारा जो तो सावधानमध्येच उभा राहतो," ते माप घेत म्हणाले. "मग घरी जाऊन विश्राम केला की कोट लटकते. म्हणते, मास्टर, ढिला झाला. अरे, तूच ढिला झाला."

ती आतून चहा घेऊन आली आणि हसली. वडील म्हणाले, "पोरगी म्हणते, सरांसारखा माणूस नागपुरात नाही. म्हटलं, मग कोट तसाच पाह्यजे."

दोन आठवड्यांनी ट्रायलसाठी गेलो. काळा कोट, डाव्या छातीवर खिसा, आणि शिंपीमास्तरांनी हौसेनं त्यात पांढऱ्या कापडाची एक कातरण रुमालासारखी खोचलेली. त्यांनी गुंड्या लावल्या. "डावी वर," ते सवयीनं पुटपुटले. मग मला खांद्याला धरून आरशाकडं वळवलं.

आरशात स्लाइडमधला माणूस उभा होता. उजवी बाजू वर, खिसा उजव्या छातीवर. पाठीमागे दुकानाचं अर्धवट उघडं दार होतं, ते मी आत येताना कुठल्या बाजूला होतं हे आठवायला मला डोकं फिरवून बघावं लागलं.

"काहून सर? काखेत दाबते का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही, छान आहे," मी म्हणालो.

मला तिथंच सगळं कळलं होतं. तरी मी स्वतःला सांगितलं की खात्री केल्याशिवाय काही बोलणं शास्त्राला धरून नाही. पुन्हा तीन प्रतींत अर्ज केला. या वेळी पुस्तक चार महिन्यांत आलं. मी ग्रंथालयात जाऊन ते कापड सोडलं, चित्र उघडलं. दार उजवीकडे. खिसा माणसाच्या डाव्या छातीवर. कोट कुठल्याही माणसाच्या कोटासारखा, नीट शिवलेला. चित्रकारानं काहीच उलटं केलेलं नव्हतं. मी केलं होतं, घरातल्या टेबलावर, लाल ठिपका देऊन.

पंधरा दिवसांची मुदत होती. मी त्याच दुपारी पुस्तक परत केलं.

ग्रंथपाल म्हणाले, "एवढ्यात? याच्यासाठी तर तुम्ही माझं डोकं खाल्लं होतं."

"काम झालं," मी म्हणालो.

तिचा लघुप्रबंध माझ्या टेबलावर आला तेव्हा मुलाखतीला महिना राहिला होता. चाळीस पानं, सुरेख अक्षर. तिनं सात चित्रांतले कोट तपासले होते. त्याच चित्रकाराच्या बाकीच्या सगळ्या चित्रांत पुरुषांचे कोट योग्य बाजूनं बंद होतात, फक्त या एका चित्रात उलटा, असं तिनं दाखवलं होतं. आणि शेवटी लिहिलं होतं की एकतर चित्रकारानं या एकाच ठिकाणी हेतू बदलला, नाहीतर आपल्यापुढची प्रतिमा उलटी आहे. मूळ पुस्तक पाहिल्याशिवाय यातलं काय खरं ते सांगता येत नाही. माझ्या प्रबंधात अशा सावधपणाचं एकही वाक्य नव्हतं.

मी शेऱ्यात लिहिलं: 'निष्कर्ष निराधार. कलावंताच्या हेतूची जाण कमी.' आणि गुण असे दिले की ती नापास होणार नाही, पण संशोधनाची श्रेणीही मिळणार नाही. हे मी रागानं केलं नाही, घाबरूनही नाही. शांत बसून, चहा पीत केलं. म्हणूनच त्याला माफी मागायला जागा सापडत नाही.

मुलाखतीत अध्यक्षांनी माझा प्रबंध चाळून विचारलं, "हा खिशाचा मुद्दा मोठा सुंदर आहे. जरा सांगा ना."

मी तिच्या वडिलांनी शिवलेला कोट घालून बसलो होतो. मी सांगितलं. सांगताना माझा हात डाव्या छातीवरच्या खिशाकडं गेला, तो मी खाली घेतला. माझी निवड झाली. निकाल लागल्यावर ती पेढे घेऊन आली, माझ्या निवडीचे. स्वतःच्या निकालाबद्दल एवढंच म्हणाली, "थोडक्यात गेलं सर." पुढं खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीतल्या शाळेत ती चित्रकलेची शिक्षिका झाली.

मी ती स्लाइड पुन्हा वर्गात दाखवली नाही. काच तडकली असं सांगत राहिलो. उलटून घालायला एक क्षण लागला असता. पण सुलट्या चित्राबद्दल माझ्याकडं बोलण्यासारखं काही नव्हतं. त्यानंतरची वर्षं अशीच गेली. दुसरा विषय घ्यावा तर पुस्तकं नाहीत. परदेशी जायच्या अर्जांना उत्तरं नाहीत. नवीन काही लिहायला बसलो की पहिल्या पानावरच हात थांबायचा, आणखी कुठं काय उलटं बसलं असेल या शंकेनं. मी बैठकांना जाऊ लागलो. ज्याच्याकडून काम होत नाही तो समित्यांवर बरा दिसतो. हळूहळू मी विभागप्रमुख झालो आणि संशोधनाचे अर्ज छाननीसाठी माझ्याकडं येऊ लागले.

एका वर्षी कारकुनानं अपात्र अर्जांचा गठ्ठा सहीसाठी समोर ठेवला. त्यात तिचा अर्ज होता. विषय तोच, चित्रांतले कपडे. नऊ वर्षांनी. वर तांबड्या शाईत लिहिलेलं: 'पदव्युत्तर परीक्षेत पुरेसे गुण नाहीत.'

"या बाई दरवर्षी टाकतात," कारकून म्हणाला. "तुमच्या आधीच्या साहेबांच्या वेळचेही असतील दोन-तीन. नियम समजत नाही त्यांना."

मी त्या एका अर्जावर सही केली नाही.

दुसऱ्या दिवशी खापरखेड्याची बस धरली. शाळेच्या खिडक्यांच्या कठड्यांवर राखेचा पातळ थर होता. तिच्या वर्गातल्या मुलांनी आपापल्या घरांची चित्रं काढली होती, आणि प्रत्येक चित्रात मागं वीज केंद्राची धुराडी. मधली सुट्टी होईपर्यंत मी दाराबाहेर थांबलो. तिनं मला पाहिलं, पदराला हात पुसले, आणि शिक्षकांच्या खोलीत नेऊन खुर्ची दिली. केस थोडे पांढरे झाले होते. मी बसण्याआधीच बोलायला लागलो. ठिपका, आरसा, पुस्तक, गुण. काही राखून ठेवलं नाही, निदान तेव्हा तसं वाटलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले माहीत होतं सर."

"कधीपासून?"

"निकालाच्या आधीपासून. मी लायब्ररीत पुस्तकाची चौकशी केली होती. ते म्हणाले, आलं होतं, सरांनी त्याच दिवशी परत पाठवलं. मूळ पुस्तकात मी चुकीची ठरली असती, तर तुम्ही ते मले दाखवलं असतं."

"मग काही बोलली काहून नाही?" माझ्या तोंडून तिचीच बोली निघाली.

"बोलली होती ना. वर्गात. सगळ्यांसमोर."

बाहेर मुलं पाण्याच्या नळावर भांडत होती. मी म्हणालो, "मला माफ कर, असं म्हणायला तरी..."

"ते राहू द्या सर," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "बाबा गेले मागच्या साली. शेवटपर्यंत सांगत होते लोकांले, नागपूरचे मोठे साहेब माझ्या हातचा कोट घालतात. मी त्यांना काही सांगितलं नाही. आता तुम्ही आलेच आहात, तर लिहून द्या."

"काय?"

"जे आत्ता बोलले ते. माझे गुण काहून कमी होते ते. त्याच्याशिवाय माझा अर्ज पुढं सरकत नाही."

मी येताना मनाची तयारी केली होती ती बोलायची. लिहायची नव्हे. तिनं फुलस्केप कागद पुढं ठेवला. मी लिहिलं: 'सदर लघुप्रबंधाच्या मूल्यमापनात काही त्रुटी राहून गेल्याचे निदर्शनास आले आहे.' बैठकांत वीस वेळा लिहिलेलं वाक्य होतं, आपोआप आलं.

तिनं वाचलं, आणि शिंप्याच्या मुलीनं बेतलेलं कापड बघावं तशी मान एका बाजूला केली. "हे ढिलं आहे सर. त्रुटी राहून गेली म्हणजे कोणाकडून? पुन्हा लिहा."

मी दुसरा कागद घेतला. लिहिलं की परीक्षकाच्या हाती तेव्हा पुरेशी साधनं नव्हती.

"पुस्तक आलं होतं," ती म्हणाली.

तिसऱ्या कागदावर मी लिहिलं: 'या विद्यार्थिनीचा निष्कर्ष बरोबर होता. माझ्या प्रबंधातलं प्रकरण उलट्या स्लाइडवर उभं असून चूक आहे. गुण देताना मला हे माहीत होतं. ते लपवण्यासाठी मी तिला कमी गुण दिले.' इतकी साधी मराठी मी कित्येक वर्षांत लिहिली नव्हती. तिनं वाचलं आणि म्हणाली, "थांबा, सही करू नका." कपाटातून कार्बन आणला. दोन कोरे कागद घेतले, मध्ये कार्बन घालण्याआधी त्याची काळी बाजू खाली आहे ना, हे बोटाचं टोक लावून पाहिलं. बोट पुसलं आणि म्हणाली, "आता याच्यावर उतरवा. एक माझ्याकडं राहील."

ते पत्र मी विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढं ठेवलं. मला वाटलं होतं गदारोळ होईल, निदान माझी पदवी तरी चर्चेला येईल. अध्यक्षांनी पत्र दोनदा वाचलं. एकानं विचारलं, "म्हणजे त्या चित्रात कोट आहे तो नेमका कुणाचा?" दुसरा म्हणाला, "स्वप्नवाले, एवढ्या वर्षांनी जागे झालात?" सगळे हसले, चहा आला. कोणत्याही परीक्षेचे गुण इतक्या काळानंतर बदलता येत नाहीत असा नियम वाचून दाखवला गेला. माझ्या प्रबंधाबद्दल असं ठरलं की मान्य झालेल्या प्रबंधात बदल करायची तरतूद नाही. तो आजही ग्रंथालयात आहे, त्यात दार डावीकडेच आहे. मी दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवायची परवानगी मागितली. तो अर्ज अजून फिरतो आहे.

तिच्या अर्जाचा विषय तीन बैठकांत पुढं ढकलला गेला. मी प्रत्येक वेळी तो पुन्हा मांडला, आणि प्रत्येक वेळी लोक माझ्याकडं वैतागून बघू लागले, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ती दरवर्षी काय करत होती. शेवटी कुणालातरी एक पळवाट सापडली. नोकरीत असलेल्या शिक्षकांना एक पात्रता परीक्षा देऊन नाव घालता येत होतं. ती परीक्षेला बसली, आपल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या मुलांमध्ये. पास झाली. मार्गदर्शक म्हणून तिनं दुसऱ्या गावच्या प्राध्यापकांचं नाव दिलं. माझ्याकडून फक्त एक सही लागत होती, मुंबईहून पुस्तक मागवण्याच्या अर्जावर. तीन प्रती. मी तिन्ही नीट वाचून सह्या केल्या.

पुस्तक सहा महिन्यांनी आलं. ती शाळेतून रजा काढून आली होती. मी ग्रंथालयात गेलो तेव्हा ती खिडकीपाशी बसून टिपणं काढत होती, वहीच्या समासात प्रत्येक चित्राचा छोटा आराखडा, दार कुठं, खिसा कुठं. मी शेजारच्या खुर्चीवर बसलो नाही, उभाच राहिलो. तिनं वर पाहिलं, पान उलटलं, आणि ते चित्र माझ्याकडं फिरवलं.

मी पाहिलं. मग ती पुस्तक पुन्हा आपल्याकडं वळवून लिहू लागली. तिच्याकडं पंधरा दिवसच होते.